५०० रुपयांच्या आत, घरात बसून, आवाज न करता जमेल असा छंद सुचवा

केतकी_चिंचवड | ३ जून, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मला एक छंद हवाय. मनापासून हवाय. परिस्थिती अशी की मी ऑफिसमधून साडेसहाला घरी येते, स्वयंपाक-जेवण, मुलगा चार वर्षांचा आहे तो नऊला झोपतो, आणि मिस्टर चाकणला कंपनीत आहेत त्यांची सेकंड शिफ्ट असली की बस त्यांना साडेबाराला सोडते. म्हणजे नऊ ते साडेबारा मी एकटी जागी. वन आरके आहे त्यामुळे टीव्ही लावता येत नाही, मुलगा तिथेच झोपलेला असतो. मग हातात फोन. आणि फोन एकदा घेतला की साडेअकरा कधी वाजतात कळत नाही आणि ठेवताना डोळे चुरचुरतात आणि काय बघितलं विचाराल तर एक गोष्ट आठवत नाही. हे मला आता थांबवायचंय.

याआधी दोनदा प्रयत्न केले. एकदा कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंगांचा सेट घेतला, २२०० रुपये गेले, दोन चित्रं झाली, पण रंग काढायचे ब्रश धुवायचे परत आवरायचं, तेवढ्या जागेत ते होत नाही. दुसऱ्यांदा एक ऑनलाइन क्लास लावला, पैसे आधी भरून घेतले आणि तिसऱ्या दिवसानंतर ग्रुपवर कुणी उत्तरच देईना. पैशापेक्षा जास्त त्रास त्या रंगांच्या खोक्याचा होतो, रोज समोर दिसतं.

तर अटी: ५०० च्या आत, आवाज नको, पसारा दोन मिनिटांत आवरता यायला हवा, आणि शक्यतो स्क्रीन नको. दिवसभर तीच बघते.

रानवारा | ३ जून, रात्री १०:१५

पुस्तकं वाच की. वाचनालयाची वर्गणी लावलीस की झालं, ५०० त आरामात बसतं.

केतकी_चिंचवड | ३ जून, रात्री १०:२१

वाचते मी, रविवारी दुपारी. पण रात्री दोन पानांत झोप लागते. हाताला काहीतरी काम हवंय असं वाटतं.

हिरवा_कोपरा | ४ जून, सकाळी ७:०५

ताई, खिडकीला ग्रिल आहे ना? मग आजच सुरू करा. घरातलेच धणे घ्या, लाटण्याने हलके रगडून दोन भाग करा (अख्खा धणा टाकला तर उशिरा येतो), रात्रभर भिजवा आणि जुन्या तेलाच्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब येतात, महिना-सव्वा महिन्यात चटणीपुरती कोथिंबीर. मेथी तर तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. पुदिन्याची जुडी आणली की दोन जाड काड्या पाण्यात ठेवायच्या, मुळं फुटतात, मग मातीत. गवती चहा एकदा लावला की वर्षानुवर्षं. आता पाऊस येतोच आहे, याहून चांगला मुहूर्त नाही. माझा नाशिकला दुसऱ्या मजल्यावर चार बाय तीनचा कोपरा आहे फक्त, पण सकाळी उठल्याउठल्या पाय तिकडेच वळतात.

पाखरू_नागपूर | ४ जून, सकाळी ८:४०

माझा छंद रात्रीचा नाही पण सांगतोच. खिडकीत बसून पक्षी ओळखणे. खर्च शून्य. दुर्बीण नसली तरी अडत नाही, आपल्या खिडकीसमोरच्या एका झाडाशी ओळख करून घ्यायची एवढंच. सकाळी डबा भरताना पंधरा मिनिटं कान बाहेर ठेवा. उन्हाळ्यात 'टुक टुक टुक' असा तांब्याच्या भांड्यावर ठोके मारल्यासारखा आवाज येतो तो तांबट. दिसायला चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळ लाल. मी तीस वर्षं तो आवाज ऐकत होतो आणि मला वाटायचं कुठेतरी पंप चालू आहे. आवाजावरून पक्षी ओळखायला मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, पण तुम्हाला स्क्रीन नको म्हणून एक वही ठेवा, तारीख, वेळ, कोण दिसलं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते, किमान पंधरा मिनिटं मोजायचे आणि ई-बर्ड नावाच्या वेबसाइटवर यादी टाकायची, त्यात घरबसल्या भाग घेता येतो. माझी मुलगी आणि मी दरवर्षी करतो.

आणि पावसाळ्यात शिंपी शोधा. बोटाएवढा पक्षी, शेपूट वर उचललेली, पानांच्या कडांना चोचीनं भोकं पाडून कोळ्याच्या जाळ्याच्या नाहीतर कापसाच्या तंतूनं ती शिवतो आणि आत घरटं करतो. कुंडीतल्या झाडावरसुद्धा करतो कधी कधी.

केतकी_चिंचवड | ४ जून, दुपारी १:३०

किती छान सांगितलंत दादा. समोर सोनमोहोर आहे मोठा, उद्यापासून बघते. कोथिंबीर पण लावते. पण रात्रीचं अजून काही सुचतंय का कुणाला?

बोरू | ४ जून, रात्री ११:१०

मी शारजात राहतो. एका खोलीत चौघं, माझ्या वाट्याला वरचा बंक आणि एक छोटा दिवा. तुमची अडचण मला तंतोतंत कळते. मी दोन वर्षांपूर्वी मोडी लिपी शिकायला घेतली. लागतं काय, दुरेघी वही आणि पेन्सिल. बाराखडीचा तक्ता एकदा प्रिंट काढून भिंतीला लावला की परत स्क्रीन नाही.

मोडीत आधी पूर्ण ओळभर रेघ मारून घ्यायची, डावीकडून उजवीकडे, आणि मग तिला खालून अक्षरं लटकवायची, हात शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, स्वल्पविराम पूर्णविराम काही नाही. वेलांटी एकच आणि उकारही एकच, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही, मला तर लहानपणापासून शुद्धलेखनाची धास्ती, त्यामुळे फार मोकळं वाटलं. पहिले पंधरा दिवस नुसती स्वतःची आणि घरच्यांची नावं लिहा. मग वाण्याची यादी. दोनेक महिन्यांत अक्षरं बसतात, पण जुनं हस्ताक्षर वाचायला लागायला वर्ष जातं, खोटं कशाला सांगू.

आमच्या घरी पणजोबांच्या वेळचा जमिनीचा एक कागद होता, कुणालाच वाचता येत नव्हता. मागच्या गणपतीत घरी गेलो तेव्हा मी त्यातल्या चार ओळी लावल्या. सगळं घर माझ्याभोवती उभं होतं. १९५० च्या दशकापर्यंत आपल्याकडे मोडी चालू होती आणि आता घरोघरी असे कागद मुके पडलेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी गरज पडली ते सगळ्यांनी पाहिलं. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे.

सुरंगी_म्हापसा | ५ जून, सकाळी १०:३०

क्रोशा! एक सुई आणि एक गुंडा, दोन्ही मिळून शंभरात. साखळी आणि खांब एवढे दोन टाके आले की रुमालाची कड, तोरण, देव्हाऱ्याखालचं आसन काहीही होतं. फक्त एक प्रामाणिकपणे सांगते, सुरुवात स्वस्त पण पुढे दोरा संपत राहतो आणि रंग बघितले की हात आवरत नाही. माझा महिन्याचा खर्च आता बराच वाढलाय.

माई_इचलकरंजी | ५ जून, दुपारी ३:२०

केतकी बाळ, तुझं वाचलं. मी ६६ वर्षांची आहे, हळूहळू टाईप करते, लांब झालं तर वाच सावकाश.

तू वाकळ शिव. तुमच्याकडं गोधडी म्हणतात. तुझ्या सगळ्या अटींत ती बसते आणि नवीन काहीच विकत आणायला लागत नाही, हाच तिचा गुण. विकत आणलेलं सामान खोक्यात राहतं कारण ते परकं असतं. घरातलं कापड परकं नसतं, ते हातात आलं की आपोआप काहीतरी करावंसं वाटतं. मी माहेरी दहा वर्षांची असताना आजीच्या शेजारी बसून शिकले, तिनं एक टोक धरायचं मी दुसरं.

हिशेब सांगते. सहावारी सुती साडी साडेपाच मीटर असते. तिचे तीन सारखे तुकडे केलेस की एकेक होतो १ मीटर ८३ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट. पन्हा म्हणजे रुंदी साधारण ४५ इंच. तीन तुकडे एकावर एक ठेवलेस की एका माणसाची तीन पदरी वाकळ तयार, एक इंच कापड वाया जात नाही. पण पहिल्याच फेरीत एवढी मोठी घेऊ नकोस. आधी दुपटं शिव, ३० बाय ३६ इंच, हात बसतो.

कापड मऊ, जुनं, सुती पाहिजे. सिंथेटिक घसरतं, दोरा धरत नाही. जर असलेला काठ काढून टाक, अंगाला टोचतो. नवीन कापड घेतलंस तर आधी गरम पाण्यातून काढ, खळ जाईल आणि आटायचं ते आधीच आटेल.

अंथरताना खालचा तुकडा उलटा, वरचा सुलटा, म्हणजे दोन्ही बाजूंनी चांगली बाजू दिसते. फरशीवर मधनं बाहेर हात फिरवून सुरकुत्या काढ आणि कोपऱ्यांवर तांबे-डबे ठेव. कडा बोटभर आत दुमड. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घे, वीतभर अंतरावर, आडवे आणि उभे. ह्याचा कंटाळा करू नकोस. सगळ्या वाकळीचा जीव टाचण्यात आहे.

मग एका कोपऱ्यातनं धावदोरा सुरू करायचा. कडेकडेनं जायचं, चारी बाजू फिरून परत पहिल्या जागी आलं की बोटभर आत सरकायचं आणि पुन्हा फेरी. असं फिरत फिरत आत जायचं. टाके तांदळाएवढे. गाठ वर दिसू द्यायची नाही, सुई दोन कापडांच्या मधनं घालून हलका हिसका द्यायचा, गाठ आत जाऊन बसते. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. पीळ पडला तर सुई सोडून द्यायची खाली लोंबकळत, गरागरा फिरते आणि पीळ आपोआप सुटतो. दोरा मेणबत्तीवरनं एकदा ओढून घेतला तर गुळगुळीत चालतो. मोठ्या नेढ्याच्या सुया घे, रात्री डोळ्याला ताण नको. आणि मधल्या बोटाला धातूचं अंगुस्तान घाल, नाहीतर आठवड्यात बोटाला भोकं.

सुया, दोरा, अंगुस्तान सगळं मिळून शंभराच्या आत.

लहान लेकरू आहे म्हणून एक सांगते, सुई कधीही कापडात खोचून उठायचं नाही. साबणाची वडी ठेव, तिच्यात खोचायची. सुई राहते पण जागेवर आणि चालते पण सरसर. झोपताना सुया मोजायच्या.

धावती_सुई | ५ जून, संध्याकाळी ६:००

मी बडोद्याची, घरी मशीन आहे, बावीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. माई म्हणतात ते बरोबर पण मशीनवर दुपटं पाऊण तासात होतं. हातानं महिना घालवायचा?

माई_इचलकरंजी | ५ जून, संध्याकाळी ७:१५

मशीनची शिलाई घट्ट बसते, कापड ताठ होतं. हातच्या टाक्यात कापडाला हलायला जागा राहते म्हणून ती वाकळ अंगावर पडते, मशीनची अंगावर उभी राहते. आणि मशीनचा आवाज होतो, तिचं लेकरू झोपलेलं असतं.

धावती_सुई | ५ जून, संध्याकाळी ७:३०

हे मात्र खरं. माझ्या आईची हातची गोधडी अजून आहे, तिच्यासारखी ऊब मला माझ्या शिलाईत कधी मिळाली नाही आणि मी कारण शोधत होते. केतकी, कच्चे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घाल म्हणजे नंतर उसवताना चुकून पक्के कापले जाणार नाहीत.

हिशेबी_माणूस | ६ जून, सकाळी ९:१०

बाजारात बऱ्यापैकी ब्लँकेट ५००-६०० ला मिळतं. एक गोधडी शिवायला किती तास जातात ते पण सांगा कुणीतरी.

मंगेश_दापोली | ६ जून, दुपारी १२:४५

मी सांगतो कारण मी मोजलंय. मी पुरुष आहे, शिवतो, लॉकडाऊनमध्ये आईकडून शिकलो. सहा फूट बाय ४५ इंच, दोन ओळींत एक इंच अंतर धरलं तर ७२ गुणिले ४५ म्हणजे ३२४० इंच, साधारण ८२ मीटर शिलाई होते. दोरा थोडा जास्तच लागतो, शंभर मीटर धरा. माझा वेग दहा मिनिटांना एक मीटर. म्हणजे तेरा-चौदा तास. रोज अर्धा तास बसलं तर महिना.

पण साहेब, केतकीताईंना पांघरूण नकोय, त्यांना नऊ ते साडेबारा या वेळात हाताला काम हवंय. त्या हिशेबानं चौदा तास हीच कमाई आहे. माझं सांगतो, २०२० ला वडील आजारी होते आणि घरात सगळे एकमेकांवर चिडत होतो, त्यात संध्याकाळी मी आणि आई दोन टोकांना बसून शिवायचो. बोलणं फारसं नाही. पण त्या महिन्यात आईनं मला तिच्या लहानपणाच्या जेवढ्या गोष्टी सांगितल्या तेवढ्या आधी पस्तीस वर्षांत सांगितल्या नव्हत्या. समोरासमोर बसून विचारलं असतं तर बोलली नसती, नजर कापडावर असली की माणूस बोलतो.

केतकी_चिंचवड | ६ जून, रात्री ९:४०

माई, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली आणि वहीत उतरवून घेतली. मंगेशदादा, तुमचीही.

एकच अडचण. माझ्याकडे जुन्या सुती साड्याच नाहीत. मी ड्रेस घालते, असलेल्या साड्या सगळ्या सिंथेटिक किंवा लग्नातल्या. आईला कराडला फोन केला तर ती म्हणाली धडधाकट साडी कापायची नसते, फाटेपर्यंत नेसायची असते.

माई_इचलकरंजी | ६ जून, रात्री १०:०५

आईचं बरोबर आहे, चांगली साडी कापू नये. सुती ओढण्या असतील की, बेडशीटं, मालकांची लुंगी, लेकराचे लंगोट-झबली? तेच घे. साडीच पाहिजे असं कुठं लिहिलंय. आमच्या गावात लूम आहेत त्यामुळं चिंध्या किलोवर मिळतात, कितीतरी बायका नुसत्या चिंध्या जोडून वर ठिगळांची नक्षी करतात.

केतकी_चिंचवड | १४ जून, रात्री ११:००

सुरू केलं!! एक जुनं सुती बेडशीट मधून विरलं होतं, कडेचा भाग चांगला होता, त्यातून ३० बाय ३६ चे दोन तुकडे निघाले, वर मुलाच्या बाळंतविड्यातल्या दोन झबल्यांचे तुकडे जोडून घेतले. सुया १५, दोरा ४०, अंगुस्तान २०. पंच्याहत्तर रुपये.

पहिले तीन दिवस नुसतं उसवणं. टाके वाकडे, एक मोठा एक बारीक. पण काल रात्री असं झालं की एक बाजू शिवून कोपऱ्यावर वळले आणि घड्याळ बघितलं तर साडेअकरा, आणि फोन कुठे ठेवलाय ते शोधावं लागलं. कधी झालं नव्हतं असं.

आणि पाखरूदादा, तांबट दिसला. सोनमोहोराच्या वाळक्या फांदीवर. लाल कपाळ अगदी स्पष्ट. मुलालाही दाखवला, तो आता दिवसभर टुक टुक करत फिरतो.

पाखरू_नागपूर | १५ जून, सकाळी ७:५०

वा!! वाळकी फांदी नीट बघत राहा, गोल भोक दिसलं तर ते त्यांचं घर. फांदीच्या खालच्या अंगाला असतं.

रोजची_धावपळ | २२ जून, दुपारी ४:१५

ताई, हातच्या गोधड्यांना हल्ली खूप मागणी आहे, शहरात आणि परदेशातही जातात. एक पेज काढा, फोटो टाका, साइड इन्कम सुरू होईल. वेळ घालवताच आहात तर पैसेही मिळू देत.

केतकी_चिंचवड | २२ जून, रात्री ९:३५

सुचवलंत त्याबद्दल आभार, पण नको. ऑफिसमध्ये दिवसभर टार्गेटच असतात, घरी पुन्हा ऑर्डरची तारीख डोक्यावर नको. आणि जिला ते दुपटं द्यायचंय ती माझी नणंद आहे, सातवा लागलाय.

माई_इचलकरंजी | २३ जून, सकाळी ११:००

बरोबर बोललीस. माझ्या शेजारची बाई मजुरीवर वाकळा शिवते, त्यावर तिच्या पोरांची शाळा चालते. ती दिवसाला आठ तास मांडी घालून बसते, पाठ धरते तिची. तिच्याकडनं कुणी घेताना पैशाला कुरकुर करू नये एवढंच माझं म्हणणं आहे. तिचं पोट आणि तुझा विरंगुळा ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दोन्ही चांगल्या आहेत, एकीत दुसरी मिसळायची घाई करू नये.

केतकी_चिंचवड | ३ जुलै, रात्री १०:२०

माई, मदत. दुपट्याच्या शेवटच्या चार फेऱ्या राहिल्यात आणि मध्ये कापड फुगलंय, वरचा थर पोळीसारखा वर आलाय. दाबलं की दुसरीकडे सरकतो. काय चुकलं?

माई_इचलकरंजी | ३ जुलै, रात्री १०:४५

टाचणं कमी पडलं, नाहीतर दोरा ओढून घेतलास. प्रत्येक फेरीला वरचा थर थोडा थोडा आत ढकलला जातो आणि शेवटी मध्ये गोळा होतो. सगळं उसवू नकोस. शेवटच्या दोन फेऱ्या उसव, मधले कच्चे टाके काढ, फरशीवर अंथर आणि मधनं बाहेर हात फिरव. तरी फुगा राहिला तर वरच्या थराला एक बारीक चुणी घाल आणि तिच्यावर एक ठिगळ शिव, पानाच्या आकाराचं. माझ्या आजीच्या वाकळेवर अशी तीन पानं होती, आम्ही लहानपणी ती नक्षी समजायचो.

धावती_सुई | ३ जुलै, रात्री ११:०५

आणि इथून पुढे मधून बाहेर शिवत जाऊ नकोस हं, कडेकडून आत हीच दिशा ठेव, नाहीतर एकात एक दोन वेगळे ताण पडतील.

बोरू | ५ जुलै, रात्री १२:१०

या धाग्यावर येऊन वाचताना एक माहिती द्यावीशी वाटली. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्याही कडेकडून फेऱ्या मारत मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेली त्रिकोणी फुलं लावतात, फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सगळीकडे जुनं कापड आणि धावदोरा. मला शिवता येत नाही, पण माझ्या बंकवर आईची गोधडी आहे. एसी रात्रभर सोळावर असतो इथे. तीच घेतो.

केतकी_चिंचवड | ११ जुलै, रात्री १०:००

दुपटं झालं. पानाच्या आकाराचं ठिगळ लावलं, हिरवं, मुलाच्या झबल्याचं. नणंदेनं हातात घेतल्यावर आधी नाकाला लावलं.

आणि आईनं भावाबरोबर तांदळाच्या पोत्यासोबत एक पिशवी पाठवली. उघडली तर तिच्या तीन सुती साड्या, एक पार विरलेली, दोन बऱ्या. फोन केला तर म्हणाली, "त्या दोन फाटायला अजून दोन वर्षं लागली असती, तोवर तुझा उत्साह टिकला नसता." मग मी तिला म्हटलं तूच ये श्रावणात आठ दिवस, दोघी बसू. येतेय.

सुरंगी_म्हापसा | १२ जुलै, सकाळी ९:२०

विरलेली साडी मध्ये घाल, बऱ्या वरखाली. आणि पदराचा भाग पायाकडे नको, डोक्याकडे येऊ दे, आमच्याकडे तसंच करतात.

केतकी_चिंचवड | ९ सप्टेंबर, रात्री १०:५०

बरेच दिवसांनी. आई येऊन गेली, आठच्या ऐवजी पंधरा दिवस राहिली. मंगेशदादा, तुम्ही म्हणालात तेच झालं. तिनं मला सांगितलं की लग्नाआधी ती शिलाईकामात जिल्ह्यात दुसरी आली होती. मला चौतीस वर्षांत माहीत नव्हतं. मिस्टरांचीही गंमत, शिफ्टवरून आल्यावर पाच मिनिटं बसतात आणि फेरी कुठपर्यंत आली ते बघतात, परवा तर त्यांनी सुईत दोरा ओवून ठेवला होता चार सुयांत.

कोथिंबिरीचे तीन डबे झालेत. पक्ष्यांच्या वहीत एकोणीस नावं. शिंपी अजून नाही दिसला.

आता मोठ्या गोधडीच्या मधली रेघ तेवढी राहिलीय, माई, तुम्ही सांगितलं नव्हतं पण ते बघून फार छान वाटलं, चौकोनात चौकोन येत येत शेवटी मधोमध तीनेक वीत सरळ रेघच उरते. घटस्थापनेच्या आधी घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवायची असतात तेव्हा हीसुद्धा एकदा पाण्यातून काढून ठेवेन म्हणते.

माई_इचलकरंजी | १० सप्टेंबर, सकाळी ८:३०

शाब्बास. आम्ही लहानपणी नवरात्राच्या आधी सगळ्या वाकळा बैलगाडीत घालून पंचगंगेवर न्यायचो, भिजली की दोघींना उचलत नाही, चौघी लागतात. तू बादलीत एकदम दाबू नकोस, टाके ओढले जातील, मोरीत अंथरून पायानं तुडव आणि सावलीत वाळव.

आणि सगळं शिवून संपवायच्या आधी एक कर. एका कोपऱ्याचे चार टाके मोकळे ठेव. आमच्याकडं शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालतात, नखाएवढा, कडक वाळवलेला. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मग तिला पांघरणारं माणूस पण उपाशी राहत नाही असं आजी म्हणायची. धुतल्यावर विरघळून जातो, पण घालायचा.

केतकी_चिंचवड | १० सप्टेंबर, रात्री ९:१५

कोपरा उसवून बसलेय. माई, ज्वारीचीच लागते का? घरात आज तांदळाची केलीय.

माई_इचलकरंजी | १० सप्टेंबर, रात्री ९:२०

कसलीही चालते बाळ. तव्यावर कडक कर, घाल आणि कोपरा शिव.